पहिल्या क्रमांकाचा प्रश्न

धाकटीने शेवटची टिकली स्वतःच्या हाताने लावली आणि दोन पावलं मागे येऊन मोजलं. एक्केचाळीस. त्याच्या खालोखाल ‘पडण्यापासून बचाव’, त्याला सतरा.

भोजनगृहाच्या भिंतीवर मोठा कागद डकवला होता. पुढची काही वर्षं वृद्धाश्रमांवर संशोधन व्हायचं होतं आणि ते कशावर व्हावं, हे या वेळी खुद्द म्हाताऱ्यांनीच ठरवायचं होतं. माणशी तीन लाल टिकल्या. ज्या प्रश्नाला जास्त, तो पहिला.

धाकटीचा प्रश्न सरळ होता. संध्याकाळी पाचनंतर पाणी का मिळत नाही? जन्मभर तार ऑफिसच्या खिडकीवर शब्द मोजत बसलेली बाई ती, सहाच्या वर सातवा शब्द तिला उधळपट्टी वाटायची.

तसं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ होतं. रात्रपाळीला चाळीस जणांमागे एकच आया, आणि ओल्या चादरी बदलायला तिला दोनच हात. म्हणून पाचच्या ठोक्याला सगळ्या पाण्याच्या बाटल्या उचलल्या जायच्या. गेल्या महिन्यात धाकटीची थोरली बहीण, अक्का, काहीबाही बरळायला लागली आणि आठ दिवस दवाखान्यात पडली. अंगात पाणीच उरलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. अक्का परत आली ती निम्मी होऊन. पुन्हा असं झालं तर ती परत येणार नाही, हे धाकटीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त संताप येत होता.

म्हणून आठवडाभर ती वॉकर आपटत खोल्याखोल्यांतून मतं मागत फिरली होती. ‘कर्नल’ म्हणून मिरवणाऱ्या एका जुन्या छत्रीविक्याने तेवढा भाव खाल्ला.

“माझी मतं पडण्याला,” तो म्हणाला.

“खुशाल पडा. कोरड्या घशाने पडाल, एवढंच.”

त्याने तीनपैकी दोन टिकल्या काढून दिल्या.

आता निकाल पाहून व्यवस्थापक बाईंचा चेहरा पडला. “हा काही प्रश्न नाही, तक्रार झाली. तक्रारपेटी दाराशी आहे.”

“नाही हो, फार छान प्रश्न आहे,” संशोधक मुलगी म्हणाली. “फक्त भाषा जरा नीट करू या.” तिने जुनी ओळ खोडून वर लिहिलं, ‘निवासी ज्येष्ठांमधील सायंकालीन द्रवसेवन व त्याचे परिणाम’. धाकटीने दोनदा वाचलं. पाणी त्यात कुठेच नव्हतं. असू दे. पहिला नंबर तर पहिला नंबर!

टाळ्या झाल्या. त्या थांबायची वाट न बघता धाकटीने विचारलं, “मग आजपासून बाटल्या राहू देणार ना?”

“आजपासून कसं, आजी? आधी निधी, मग परवानग्या. मग दोन गट करायचे. काही आश्रमांत पाचनंतर पाणी द्यायचं, काही आश्रमांत नेहमीचंच चालू ठेवायचं. तीन वर्षांनी तुलना करायची. त्याशिवाय सिद्ध कसं होणार?”

“काय सिद्ध व्हायचंय?”

“पाण्याने फरक पडतो, हे.”

धाकटीने वॉकर घट्ट धरला. “आम्ही कुठल्या गटात?”

“ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. तोवर आहे तसंच ठेवावं लागेल हं, नाहीतर आकडे बिघडतात.” मुलगी मनापासून बोलत होती.

व्यवस्थापक बाईंनी मान डोलावली. आता त्यांचाही प्रश्नाला विरोध उरला नव्हता. आयाने टेबलांवरच्या बाटल्या उचलून टोपलीत भरल्या आणि टोपली आत नेली.

धाकटी अक्काच्या शेजारी येऊन बसली. अक्काला कमी ऐकू यायचं. तिने बहिणीच्या दंडाला हात लावून विचारलं, “काय गं, काय ठरलं?”

“आपला प्रश्न पहिला आला, अक्का.”

“बरं झालं बाई,” अक्का म्हणाली आणि रिकामा पेला तिच्यापुढे धरला. “भर मग.”