सहावी बाजू

“डोळे मीट आणि यावरून हात फिरव,” पिकल्या केसांचे परीक्षक म्हणाले आणि टेबलावरचा काँक्रीटचा क्यूब त्यांनी ताईपुढे सरकवला.

सभागृहात खसखस पिकली. शोधनिबंध स्पर्धेच्या अंतिम फेरीत असला प्रश्न कुणी ऐकला नव्हता. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. बॉयलरची राख सिमेंटमध्ये मिसळून केलेलं काँक्रीट साध्या काँक्रीटच्या सव्वापट दाब सोसतं, हे ताईने न अडखळता मांडलं होतं. बाकीच्या दोन परीक्षकांनी माना डोलावल्या होत्या. क्यूबही तिचाच, नमुना म्हणून आणलेला.

वर्गात सगळे तिला ताईच म्हणत. नकाशे काढायची नोकरी सोडून, तिशी उलटल्यावर ती पुन्हा बाकावर येऊन बसली होती. पहिल्या आलेल्या जोडीला मोठ्या संशोधन संस्थेत थेट प्रवेश मिळणार होता, आणि त्या प्रवेशासाठी तिने घरच्यांची बोलणी वर्षभर मुकाट ऐकून घेतली होती.

तिने डोळे मिटले. पहिली बाजू काचेसारखी गुळगुळीत. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. क्यूब लोखंडी साच्यात ओततात, त्यामुळे लोखंडाला टेकलेल्या पाचही बाजू अशाच निघतात. सहावी तेवढी उघडी राहते. ती थापीने सारखी करतात. तिच्यावरून हात गेला तेव्हा बोटांना खरखर लागली.

“काय लागलं हाताला?”

“काँक्रीट, सर.”

सभागृह हसलं. परीक्षकही हसले. “बरोबर. जा, बस.”

ताईने डोळे उघडले. समोर पडद्यावर अजून शेवटचा फोटो होता. तिचा जोडीदार लांबू दाब देण्याच्या मशीनशेजारी सगळे दात दाखवत उभा होता. निबंधात फोटो हवेत म्हणून तो घातला होता, आणि तो पाहताना सगळ्यांची नजर त्या दातांवरच जायची. तिचीही. आज पहिल्यांदाच तिने त्यातला क्यूब पाहिला. मशीनच्या जबड्यात तो खरखरीत बाजू वर करून बसला होता. खाली तिनेच टाइप केलं होतं : ‘साध्या काँक्रीटची चाचणी’.

दाब द्यायचा तो गुळगुळीत बाजूंवर, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. खरखरीत बाजू वर ठेवली, तर सगळा भार चार-दोन उंचवट्यांवर येतो आणि चांगला क्यूबही लवकर फुटतो. म्हणजे साधं काँक्रीट तेवढं कमजोर नव्हतंच. राखेचे क्यूब मात्र दोघांनी मिळून फोडले होते, नीट कुशीवर ठेवून.

लांबू खालून हाताने खुणावत होता. झालं, ये आता. बाकीचे दोन परीक्षक गुणांचे कागद एकमेकांना दाखवत होते. कुणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं. ज्या एकाच परीक्षकांच्या लक्षात आलं होतं, ते शांतपणे चष्मा पुसत बसले होते, आणि त्यांनी तर ‘जा, बस’ म्हणूनही टाकलं होतं.

ताईचा हात अजून क्यूबवरच होता.

“सर, एक बाजू खरखरीत लागली.”

“बरं.”

“फोटोत तीच वर आहे. साधे क्यूब आम्ही चुकीचे ठेवून फोडले. सव्वापट हा आकडा धरता येणार नाही.”

बाकीच्या दोन परीक्षकांनी गुणांचे कागद खाली ठेवले.

“कोणी ठेवले होते?” दुसऱ्या परीक्षकांनी विचारलं.

“आम्ही.”

“मी,” लांबू उभा राहत म्हणाला. “ताई त्या दिवशी आईला घेऊन दवाखान्यात गेली होती. मी येईपर्यंत थांब, असं बजावून गेली होती. मीच नसता शहाणपणा केला.”

“मग राखेचं काँक्रीट सरस आहे की नाही?”

“माहीत नाही, सर,” ताई म्हणाली. “साधे क्यूब परत फोडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.”

पिकल्या केसांच्या परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “हे वाक्य मघाशी तुमच्या निबंधात नव्हतं,” ते म्हणाले. “जा आता.”

ती लांबूशेजारी येऊन बसली.

“गेला पहिला नंबर,” लांबू पुटपुटला.

“गेला.”

“शिव्या तरी घाल.”

“परत जाताना घालते. क्यूब तुलाच उचलायचाय.”

मंचावरून पुढच्या जोडीला बोलावणं आलं. कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारा झाला. पुढच्या रांगेत दोन डोकी एका लॅपटॉपला चिकटली होती. त्यातला एकजण आपल्याच निबंधातला फोटो मोठा करत होता, आणखी मोठा करत होता. शेवटी लॅपटॉपवरची नजर न काढताच त्याने हात वर केला.

“सर, आम्हाला पाच मिनिटं मिळतील का?”