थिजलेलं खोबरेल

पडद्यावरची गाडी थांबेचना, कारण गेमच्या कंट्रोलरचं ट्रिगर बटण दाबलं की वर येतच नव्हतं. बाळ आत्ताच झोपलेलं, बाळंतपणानंतर भावाशी पहिलीच शर्यत, आणि हे असं! केतकीला रडूच यायला लागलं.

"ताई, हरायच्या आधीच बहाणे का?" नागपूरहून भाऊ हेडफोनमध्ये खिदळला.

"अगं, ते बटण कुरकुरत होतं म्हणून मीच परवा त्यात खोबरेल सोडलं," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. "शिलाई मशीनला सोडते तसं."

"आई, थंडीने थिजलंय ते!" चिडावं की हसावं, तिला कळेना.

सासूबाईंनी मशीनच्या डब्यातला बारका स्क्रू-ड्रायव्हर आणला. दोघींनी कंट्रोलर उघडला, घट्ट पांढरं तेल कापसाच्या काडीने टिपलं, स्पिरिटने पुसलं. झाकण बसवून केतकीने बटण दाबलं, तर ते टक्कन वर आलं.

तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. तिने कंट्रोलर खाली ठेवला.

"उचल तो," सासूबाई दरडावल्या. बाळाला खांद्यावर घेऊन त्यांनी टीव्हीसमोरच मांडी ठोकली. "रडतोस काय रे? बघ, आई मामाला कशी धूळ चारतेय!"