अकरावा हँगर

"एका बाईला इतके कपडे? दुकान काढायचंय का?"

नवऱ्याचं हे रोजचं पालुपद ऐकून अखेर तिचं डोकं फिरलं. ती नर्स होती. दिवसभर एकाच गणवेशात वावरायची, म्हणून घरी रंगीत कपड्यांची हौस. त्या रविवारी तिने फक्त दहा कपडे ठेवले आणि बाकीचे सगळे देऊन टाकले.

"झालं समाधान?"

"बघू, किती दिवस टिकतंय," तो वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येऊन तिने कपाट उघडलं, तर आत अकरावा हँगर. त्यावर करड्या रंगाचा झगा होता, आणि कुणी आत्ताच अंगातून काढावा तसा तो कोमट होता.

"हा माझा नाही."

"मग काय माझा?" तो कुत्सितपणे हसला. "खोटं तरी धड बोल."

तिने तो देऊन टाकला. पुढच्या संध्याकाळी हिरवा आला, मग पिवळा. दर वेळी तोच टोमणा, आणि दर वेळी कापड आदल्या दिवसापेक्षा गरम.

शनिवारी दुपारी दोघं घरी असताना बंद कपाटात हँगर सरकल्याचा आवाज झाला. नवरा दचकून तिच्याकडे बघत राहिला. मग उठून त्याने दार उघडलं.

आत पांढरा झगा होता. नवऱ्याचा चेहरा इतका मऊ झालेला तिने लग्नानंतर कधीच पाहिला नव्हता. त्याने हलक्या हाताने झग्याचं वरचं बटण लावलं, कॉलर नीट केली.

"तुझे ते दहा काढ," तो मागे न वळता म्हणाला. "हिला जागा पुरत नाही."