कुठली दोरी

सव्वीस जानेवारीचा झेंडा मारियायीनं पहाटेच बांधून खांबावर चढवला होता. आत झेंडूच्या पाकळ्या, वर सासऱ्यानं शिकवलेली गाठ. खालच्या वस्तीतला तिचा सासरा गावचा राखणदार. तीस वर्षं झेंडा त्यानं बांधला आणि फडकवला वरच्या आळीनं. मारियायी राखीव जागेवर निवडून आली त्याला आता चार वर्षं झाली. फरक एवढाच पडला, की झेंडा बांधणारी आता सरपंच होती.

कारकून नल्लतंबी जवळ येऊन कुजबुजला, "अक्का, कलेक्टरांचं पत्र आलंय. सरपंचानंच झेंडा फडकवायचा आणि फोटो पाठवायचा."

"मग?"

"मग काय, तंगराज अय्या फडकवतील. नंतर फोटोपुरता तुम्ही दोरीला हात लावायचा."

खांबाजवळ एकच खुर्ची मांडली होती, वरच्या आळीतले उपसरपंच तंगराज यांच्यासाठी. कचेरीतही एकच होती. मारियायी चार वर्षं उभ्यानं सह्या करत होती.

तंगराज आले. "काय गं सरपंचबाई, पाकळ्या भरपूर घातल्यास ना? गेल्या साली डोक्यावर चारच पडल्या."

लोक हसले.

"भरपूर घातल्यात, अय्या."

मास्तरांनी 'सावधान', 'सलामी' म्हटलं. पोरांचे हात कपाळाला गेले. तंगराज खांबाशी उभे राहिले आणि न बघताच त्यांनी एक हात बाजूला पसरला.

खांबावरून दोन दोऱ्या लोंबत होत्या. एक ओढली की गाठ सुटते, दुसरी ओढली की आवळते. कुठली कुठली, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. दरवर्षी आधी सासरा आणि त्याच्यामागं मारियायी नेमकी दोरी पुढं करत आली होती.

आज तिनं हात पदराखाली घेतले.

पसरलेला हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तंगराजांनी हाताला लागली ती दोरी ओढली. वरचं गाठोडं हललं, सुटलं नाही. त्यांनी आणखी जोरात हिसका दिला, तशी गाठ करकचली. दुसरी ओढून पाहिली, पण आवळलेली गाठ तिलाही दाद देईना.

"कुठली दोरी गं?" दात आवळून त्यांनी विचारलं.

"आता नुसती ओढून नाही सुटायची. ढील देऊन झटका द्यावा लागतो. द्या इकडं."

"नुसतं सांग. किती ढील?"

"ते सांगता येत नाही. हाताला कळतं."

रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, झेंडा सरपंच फडकवतात असं तुम्हीच शिकवलं ना?"

नल्लतंबीनं फोटोसाठी वर धरलेला मोबाईल खाली घेतला. "अय्या, द्या ना त्यांना. पोरांचे हात दुखतायत."

"गप बस तू."

तंगराजांनी दोरी सोडली नाही. दोन्ही मुठींत धरून ते ओढत राहिले. खांब करकरला.

मारियायी वळली. चार पावलं चालून खुर्चीपाशी गेली, पदरानं खुर्ची पुसली आणि बसली.

"सावकाश ओढा, उपसरपंच," ती म्हणाली. "मी बसलेय."