फितुराचा चेहरा

कापडावर सगळ्यांना नाकडोळे आले होते. राहिला होता फक्त फितूर.

दादाभाऊ सकाळपासून शाळेच्या दारात घिरट्या घालत होता. आत यायचा, कापडाकडे बघायचा, बाहेर जायचा. बसवत नव्हतं त्याला.

घाटघरच्या जत्रेत दरसाल भिका नाईकाचा पोवाडा होतो. नाईक इंग्रजांशी लढला. त्याची लपायची गुहा कुणीतरी शिपायांना दाखवली. त्या कुणीतरीचं नाव शाहीर घेत नाही. त्या ओळीला तो गप्प राहतो, नुसता डफ वाजतो. रीतच आहे तशी. नाव घेतलं नाही, म्हणून ते दादाभाऊच्या घराला चिकटलं. का, तर गुहेखालचं शेत त्यांचं. पुरावा कुणी मागितला नाही, कुणी दिलाही नाही.

यंदा जत्रेसाठी पोवाड्याची चित्रं काढायचं ठरलं आणि दादाभाऊची झोप उडाली. गाण्यातून माणूस गाळता येतो, चित्रात त्याला तोंड द्यावंच लागतं. त्यात उद्या जत्रेलाच येडगावचे पाहुणे त्याच्या लेकीला, रत्नाला बघायला येणार होते. गेल्या वर्षीचं स्थळ पोवाडा ऐकून जे गेलं ते गेलंच.

शेवटी त्यानं चित्र काढणाऱ्या अश्विनीबाईंना हात जोडले.

"बाई, नाक तेवढं आमच्यावानी नका काढू."

"मग कुणासारखं काढू?" आळे गावाहून शाळेत बदलून आलेल्या बाई वैतागल्याच होत्या. "सकाळपासून जो येतो तो आपलं नाक झाकून बोलतो!"

तेवढ्यात शाहीर सावळेराम आला. भिका नाईकाचा सख्खा पणतू. त्यानं डफ कोपऱ्यात ठेवला आणि बाईंच्या समोर येऊन बसला.

"फितुराला माझा चेहरा द्या."

"तुमचा चेहरा तर मी नाईकाला दिलाय, शाहीर!"

"त्याला दाढी लावा."

दादाभाऊ घाबरलाच. "आवो शाहीर, नाईकाचं रगत तुमचं. तुमीच फितूर झाल्यावर लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या." सावळेरामनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुमी लोकांत बसता, दादाभाऊ, खाली मान घालून. मी समोर उभा ऱ्हातो. त्या ओळीला समद्या माना कुणीकडं वळत्यात, ते मला दरसाल दिसतं. यंदा माझ्याकडं वळू द्या."