चुड्याचं माप

लग्नात रेवतीला सव्वादोनच्या बांगड्या सहज बसल्या होत्या. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाला अडीचच्याही चढेनात. "हात केवढा सुजलाय!" कासारणीच्या अगदी ओठांवर आलं होतं. "सून अंगानं भरलीय आमची," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. भरल्या घरात अभद्र कशाला बोलायचं, म्हणून कासारणीनं साबण लावून, बोटं दाबून हिरवा चुडा चढवला.

चौथ्या दिवशी रेवतीचं बीपी भडकलं, झटके आले. सलाईनसाठी दवाखान्यात तो चुडा वाढवावा लागला. रेवती वाचली, बाळ गेलं.

दोन महिन्यांनी ती दुकानात आली, हात पुढे केला. सव्वादोनच्या बांगड्या साबणाशिवाय सरसर चढल्या.

"तेव्हा केवढी सूज होती ना, मावशी? कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

कासारणीनं तिचा हात धरूनच ठेवला. ओठ याही वेळी उघडले नाहीत.