तुरटीचं पाणी

"तुरटीच्या पाण्यानं धुता? रोज?" नर्स सिंधूताईंनी कपाळाला हात लावला.

सत्यभामाबाई गोंधळली. मराठी मुलखाचं नवं राज्य झाल्यावर मोताळ्याच्या दवाखान्यात ही नर्स आली होती, म्हणून तर लाज गिळून ती इथवर आली. पाळी गेली तेव्हा घरच्या बाया म्हणाल्या, सुटलीस. कसली सुटका न् कसलं काय! अंग आतून कोरडं ठक्क पडलं, चालताना आग होई, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की जीव नकोसा होई. तिनं आपल्या मनानं ठरवलं, विटाळ बाहेर पडायचा थांबला म्हणजे तो आतच साचला. म्हणून आधी साबण, मग तुरटी.

"हा विटाळ नाही अन् वाईट रोगही नाही. पाळी गेली की अंगातला ओलावा कमी होते, लय बायांचं होते. तुरटीनं तर अजूनच कोरडं पडते. आता नुसत्या पाण्यानं धुवा. चांगलं खोबरेल तेल लावत जा, जवळ जातानाही. अन् मालकाले सांगा, घाई करू नका म्हणा."

"त्यायले कसं सांगू? ते घरात निजतच नाहीत."

दिवाळीनंतर भगवंतराव तुरीची राखण करायची म्हणून शेतातल्या खोपीत निजायला गेले, ते गेलेच. तूर निघाली, विकली, तुराट्यासुद्धा घरी आल्या. माणूस आला नाही. त्यांना आपली किळस आली, आता हे घर आपलं राहत नाही, या धास्तीनं बाई निम्मी झाली होती.

बसमधून उतरली ती थेट शेतात गेली. भगवंतराव खोपीपुढे दोर वळत बसले होते. पदराआड तेलाची बाटली धरून ती उभी राहिली. बोलायचं होतं तेलाचं, तोंडातून निघालं भलतंच.

"तूर तर कवाच निघाली. आता कशाची राखण करून राह्यले? माही किळस येते ना तुमाले?"

"किळस?" भगवंतरावांचे हात थांबले. त्यांना काही उमजेना. त्यांनी दोर बाजूला ठेवला.

"दिवाळीत मी जवळ आलो, त्या रातच्याले तू तोंडात पदर कोंबून रडली," ते खाली बघून म्हणाले. "मले वाटलं, मीच तुले दुखवून राह्यलो अन् तू भेवानं बोलत नाहीस. तुहीच राखण करून राह्यलो मी, माह्यापासून."